चार कॉर्ड्सच्या फेऱ्यावर गाणं कसं बांधायचं

गिटार हातात येऊन पाच-सहा महिने झाले की बहुतेकांना चार कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे चार गट, न अडखळता वाजवता येतात: जी, ई मायनर, सी आणि डी. दुसऱ्यांची गाणी जमायला लागतात, पण स्वतःचं गाणं काही सुचत नाही. मग वाटायला लागतं, अजून कॉर्ड्स शिकलो की सुचेल. मलाही तसंच वाटायचं. माझ्या पहिल्या गाण्यात नऊ कॉर्ड्स होत्या, प्रत्येक ओळीला नवी. मित्रांनी शांतपणे ऐकून घेतलं, छान आहे म्हणाले, पण उठताना कुणाच्याही तोंडात त्यातली एक ओळ नव्हती.

जात्यावर दळताना बायका ओव्या गायच्या. जातं त्याच गतीनं फिरायचं, चालही तीच असायची, आणि शब्द मात्र दर फेऱ्याला नवे: माहेर, भाऊ, पंढरीचा विठोबा, पहिलटकरणीचे डोहाळे. हात काय करतायत याचा विचार करावा लागत नव्हता, म्हणून मन बोलायला मोकळं होतं. चार कॉर्ड्सचा फेरा हे आपलं जातं. तो जितका साधा, तितकं मन शब्दांकडे आणि चालीकडे जातं. युरोपातही हे जुनंच आहे. योहान पाखेलबेल या सतराव्या शतकातल्या जर्मन रचनाकाराच्या प्रसिद्ध कॅननमध्ये खालच्या पट्टीतली आठ सुरांची एकच ओळ २८ वेळा येते आणि वरचं संगीत दरवेळी वेगळं काही सांगतं.

या लेखात आपण एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधू. शब्द मी इथेच लिहिलेले आहेत. तुम्ही तुमचे घ्या.

आधी बोटं

जी हा सा धरला तर चार कॉर्ड्समधले सूर असे पडतात:

जी: सा ग प
ई मायनर: ध सा ग
सी: म ध सा
डी: प नि रे

नीट पाहा. पहिल्या तिन्ही कॉर्ड्समध्ये सा आहे, फक्त डीमध्ये नाही. म्हणून तीन कॉर्ड्सभर गाणं घरात असल्यासारखं वाटतं आणि डी आली की उंबऱ्याबाहेर पाऊल पडतं. तो नि आणि रे पुन्हा सा कडे ओढतात आणि फेरा आपोआप सुरू होतो. हा फेरा कंटाळा न आणता किती तरी वेळ फिरू शकतो, त्याचं कारण ही ओढ.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. या चार कॉर्ड्स नेहमीच्या पद्धतीनं न धरता अशा धरा. सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड सहावी. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधला कप्पा. अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. ही दोन बोटं ठेवा आणि गाणं संपेपर्यंत उचलू नका. हलवायची फक्त तर्जनी आणि मधलं बोट.

जीसाठी मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला.
ई मायनरसाठी तर्जनी तिथेच, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला.
सीसाठी मधलं बोट पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. सहावी तार वाजवायची नाही.
डीसाठी तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, मधलं बोट मोकळं. वाजवायच्या फक्त चौथीपासून पहिलीपर्यंतच्या चार तारा.

ज्यांना ही नावं माहीत आहेत त्यांच्या लक्षात येईल की शेवटच्या तीन कॉर्ड्स आता ई मायनर सेव्हन, सी ॲड नाइन आणि डी सस फोर झाल्या. नावं विसरलात तरी चालेल, कानाला काय होतं ते महत्त्वाचं. न हलणाऱ्या दोन बोटांखाली प आणि सा आहेत. म्हणजे चारही कॉर्ड्समध्ये तानपुऱ्याचे तेच दोन सूर वर सतत वाजत राहतात आणि खाली खर्ज बदलत जातो. आपला कान तानपुऱ्याच्या सुरावर वाढलेला आहे, त्याला हे लगेच ओळखीचं वाटतं. मराठी शब्द यावर फार मऊ बसतात. दोन बोटं स्थिर असल्यानं कॉर्ड बदलताना हात शोधाशोध करत नाही, हा फायदा वेगळाच.

एक तडजोड मात्र आहे. अशा डीमध्ये नि उरत नाही, त्यामुळे ओढ जरा सैल होते. जिथे ओढ हवी असेल तिथे करंगळी उचला आणि मधलं बोट पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला ठेवा. वरचा सा एक पायरी उतरून नि वर येतो. हे दर फेऱ्याला करू नका. ध्रुवपदाच्या शेवटी एकदा केलं की पुरतं.

पट्टी

पेटीवर जी म्हणजे पांढरी पाच. तुमची पट्टी, म्हणजे तुमचा सा, काळी चार असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, काळी पाच असेल तर तिसऱ्या फ्रेटवर. बोटं तीच. काळी एकला मात्र या आकारांसाठी कॅपो सहाव्या फ्रेटवर न्यावा लागतो आणि गिटार पातळ वाजते. त्यापेक्षा सी, ए मायनर, एफ, जी हा फेरा घेऊन पहिल्या फ्रेटवर कॅपो लावणं बरं. तानपुऱ्याची युक्ती तिथे तशीच्या तशी चालत नाही, आणि एफ बोटांना दमवते, पण गळा ताणून गाण्यापेक्षा ते परवडलं.

फेरा मोजून घ्या

मिनिटाला ८० ठोके ठेवा. एका कॉर्डला चार ठोके, म्हणजे ३ सेकंद. चार कॉर्ड्सचा एक फेरा १२ सेकंदांचा. एका ठोक्यात दोन मात्रा धरल्या तर प्रत्येक कॉर्ड आठ मात्रांची होते, म्हणजे केरवा या तालाचं एक आवर्तन. पूर्ण फेरा ३२ मात्रांचा.

हे मोजायचं कारण शब्दांच्या वेळी कळेल. तूर्त उजवा हात खाली, खाली-वर, वर-खाली-वर असा चालू द्या आणि सलग दहा मिनिटं थांबू नका. डावा हात चुकला तरी उजवा थांबता कामा नये. दहा मिनिटांनी तुम्ही गिटारकडे बघेनासे व्हाल. गाणं लिहायला बसायची वेळ तीच.

विषय: एक वाक्य शोधा

‘प्रेम’, ‘पाऊस’, ‘आई’ हे विषय घेऊन बसलात तर आधी ऐकलेलीच ओळ हातातून उतरते. त्यापेक्षा घरात कुणी तरी नेहमी म्हणतं असं एक वाक्य शोधा. माझ्यासाठी ते होतं: किल्ली शेजारी ठेवलीय. आई कामाला जाताना हे सांगून जायची आणि पाठोपाठ ओट्यावर काय झाकून ठेवलंय ते सांगायची. त्या वाक्यात आई हा शब्द नाही, प्रेम हा शब्द नाही, आणि दोन्ही पुरेपूर आहेत.

असं वाक्य सापडलं की ते ध्रुवपदात ठेवा. चार कॉर्ड्सचं गाणं पुन्हा पुन्हा त्याच जागी येतं, तेव्हा तिथे पुन्हा ऐकावंसं वाटेल असंच काही तरी हवं.

शब्द मात्रांत बसवणं

इंग्रजी गाण्यांची नक्कल करताना मराठी शब्द ओढूनताणून का बसतात? इंग्रजीत जोर शब्दातल्या ठरावीक अक्षरावर असतो. मराठीचं वजन ऱ्हस्व-दीर्घावर आहे. म्हणून ठोके मोजण्याऐवजी मात्रा मोजा: ऱ्हस्व अक्षर एक, दीर्घ अक्षर दोन, अनुस्वाराचं किंवा जोडाक्षराआधी आघात येणारं अक्षर दोन. आपल्याकडे १६ मात्रांचं पादाकुलक नावाचं वृत्त आहे, चार-चारच्या चार तुकड्यांचं. ते दोन कॉर्ड्समध्ये अंगच्या मापाच्या सदऱ्यासारखं बसतं.

माझी ओळ:

किल्ली शेजारी ठेवली

कि-ल्ली-शे-जा, आठ मात्रा झाल्या, पहिली कॉर्ड संपली. री-ठे-व-ली, सात मात्रा, एक श्वासाला. आता दुसरी ओळ हवी. आधी मी लिहिलं होतं:

ये तू दुपारी केव्हाही

मात्रा बरोबर १५. तरी गाताना अडखळायला व्हायचं आणि का ते दोन दिवस कळेना. मग हातावर ठोके देऊन म्हटलं. ये-तू-दु-पा, सात. आठवी मात्रा ‘री’चा अर्धा भाग खाते, आणि ‘री’ अजून तोंडात असतानाच कॉर्ड बदलते. पहिल्या ओळीतही शब्द तुटतो, शेजा आणि री, पण तिथे नवी कॉर्ड आणि नवं अक्षर एकाच क्षणी येतात. त्यामुळे तो तुकडा खटकत नाही. उलट ‘शेजारी’ हा शब्द एका कॉर्डमधून दुसरीत हात लांबवतो, जसा कठड्यावरून शेजारच्या घरी किल्ली देताना लांबवतात. दुसरी ओळ बदलली:

किल्ली शेजारी ठेवली,
भाजी ओट्यावर झाकली.

भा-जी-ओ-ट्या आठ, व-र-झा-क-ली सात. दोन्ही ओळींची चाल एकाच पावलानं जाते, यमक मागून आणावं लागत नाही, आणि आईचा दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. बेरीज जुळली म्हणून ओळ जुळली असं समजू नका. आठव्या मात्रेनंतर अक्षर नव्यानं सुरू होतंय का, ते दरवेळी तपासा.

अंतरा:

यष्टी सुटली पाचाला,
खिडकीपाशी जागा होती.
पाउस आला घाटाला,
खिशात माझ्या किल्ली नव्हती.

इथे दोन बारकावे. ‘एसटी’ लिहिलं की पाच मात्रा होतात, ‘यष्टी’च्या चार. शिवाय गावाकडे लोक यष्टीच म्हणतात, म्हणून तो शब्द शोभतो. ‘नव्हती’त व्ह हे जोडाक्षर असलं तरी त्याचा आघात आधीच्या न वर येत नाही, तो न ऱ्हस्वच धरायचा. पुस्तकात पाहण्याआधी शब्द मोठ्यानं उच्चारा. तोंड सांगेल ते खरं.

पहिली आणि तिसरी ओळ १४ मात्रांची आहे. उरलेल्या दोन मात्रा मुद्दाम मोकळ्या सोडल्यात. प्रत्येक फेरा शब्दांनी काठोकाठ भरला की गाणाऱ्याला श्वास मिळत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही नाही.

चाल

शब्द बाजूला ठेवून फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि फेऱ्यावर ‘ना ना’ गुणगुणत राहा. वीस मिनिटं. त्यातली अठरा टाकाऊ निघतील. उरलेल्या दोन मिनिटांत एखादी वळणदार जागा असते, तीच उचलायची.

सुरुवातीला फक्त सा रे ग प ध हे पाच सूर वापरा. चारही कॉर्ड्सवर ते निभावतात. म आणि नि नंतर, विचारपूर्वक आणा. कोमल ग किंवा तीव्र म असलेली चाल सुचली असेल तर ती या फेऱ्यावर दाबून बसवू नका, ती दुसऱ्या गाण्याची आहे.

अंतरा खाली ठेवा, बोलल्यासारखा. माझ्या पहिल्या ओळीचे सूर:

सा सा रे रे ग | ग रे सा
य ष्टी सु ट ली | पा चा ला

ध्रुवपद वर उचला:

प प ध प | ग ग रे सा
कि ल्ली शे जा | री ठे व ली
म म ध म | प प म ग रे
भा जी ओ ट्या | व र झा क ली

कॉर्ड जिथे बदलते तिथे पडणारा सूर पाहा: जीवर प, ई मायनरवर ग, सीवर म, डीवर प. चारही त्या-त्या कॉर्डमधलेच आहेत. कॉर्ड बदलते त्या ठोक्यावर कॉर्डमधला सूर आणि मधल्या जागांत हवं तिकडे भटकणं, एवढा नियम सुरुवातीच्या दहा गाण्यांना पुरतो. ‘झाकली’ रे वर सोडलीय हेही मुद्दाम. रे वर गाणं संपत नाही, म्हणून कान पुढच्या फेऱ्याची वाट पाहतो.

दुसऱ्या अंतऱ्यानं ध्रुवपद बदललं पाहिजे

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते गाणं इथेच घडतं. कॉर्ड्स बदलणार नाहीत, ध्रुवपदाचे शब्दही बदलणार नाहीत. तरी दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा अर्थ दुसरा लागला पाहिजे. ते काम दुसऱ्या अंतऱ्याचं.

माझ्या पहिल्या खर्ड्यात दुसरा अंतरा ‘अंगण दिसलं सुनं सुनं’ असा संपत होता. मात्रा बसत होत्या, यमकही होतं. पण ‘सुनं सुनं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला काय वाटायला हवं ते मीच सांगून टाकतो. ओळ काढली. आताचा अंतरा:

वर्षं झाली दोन आता,
कुलूप आहे तेच दारी.
काकू किल्ली देता देता,
“चहा टाकते, ये ना घरी.”

आई गेली असं कुठेही म्हटलेलं नाही. शेजारच्या काकू किल्ली देताना घरी बोलावतात, एवढंच. त्यानंतर पुन्हा ‘किल्ली शेजारी ठेवली, भाजी ओट्यावर झाकली’ येतं तेव्हा ओट्यावर काही नसतं. तेच शब्द, त्याच चार कॉर्ड्स, आणि गाणाऱ्याचा गळा दाटतो. तिसरा अंतराही लिहिला होता, तो गाळला. दोघांनी काम झालं होतं.

तुमच्या गाण्यात वळण आईच्या जाण्याचंच असायला हवं असं नाही. नोकरी लागणं, भांडण मिटणं, उशिरा आलेलं पत्र, काहीही चालेल. पण ध्रुवपद तिसऱ्यांदा म्हणताना पहिल्यापेक्षा वेगळं काही मनात येत नसेल, तर अंतरा पुन्हा लिहा.

फेरा तोच, रंग दुसरा

कॉर्ड न वाढवता वाद्यात बरंच करता येतं. पहिल्या अंतऱ्यात स्ट्रमिंग नको. अंगठ्यानं खर्जाची तार आणि बोटांनी वरच्या तारा, एकेक. ध्रुवपदात पूर्ण हात. हा फरक इतका मोठा वाटतो की नवी कॉर्ड आणायची इच्छाच होत नाही.

दुसऱ्या अंतऱ्यात त्याच चार कॉर्ड्स ई मायनरपासून सुरू करा: ई मायनर, सी, जी, डी. चाल तशीच ठेवा. ‘वर्षं झाली’ आता जीऐवजी ई मायनरवर पडतं आणि ढग आल्यासारखं होतं. ‘दोन आता’च्या वेळी खाली सी असते. तिथला ग त्या कॉर्डमधला नाही, म्हणून तो जरा हळवा लागतो आणि सा वर येऊन टेकतो. सूर एकही बदललेला नसतो. ध्रुवपदाला पुन्हा जीपासून सुरुवात केली की घराचं दार उघडल्यासारखं वाटतं.

पूर्ण गाणं मांडू: सुरुवातीला मोकळा फेरा एक, अंतरा दोन फेरे, ध्रुवपद दोनदा म्हणून दोन, पुन्हा अंतरा दोन, ध्रुवपद दोन, नुसतं गुणगुणणं दोन, शेवटचं ध्रुवपद दोन. एकूण १३ फेरे, २ मिनिटं ३६ सेकंद. पहिल्या गाण्याला एवढी लांबी भरपूर झाली.

झाल्यावर फोनवर एकदा सलग रेकॉर्ड करा आणि दोन दिवस ऐकू नका. तिसऱ्या दिवशी गिटार न घेता ऐका, कागदावर ओळी लिहून. जिथे तुमचं लक्ष उडालं तिथे खूण करा. बहुतेकदा तिथे एक तर विशेषण जास्त असतं, नाही तर श्वासाची जागा कमी असते. नंतर घरातल्या कुणाला तरी ऐकवा आणि कसं वाटलं ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी त्यांना कुठली ओळ आठवते, तेवढं विचारा.

राहिला शेवट. शेवटच्या ध्रुवपदात ‘किल्ली शेजारी ठेवली’ गिटारसह म्हणा आणि ‘ली’ संपताच तळहात तारांवर ठेवून आवाज बंद करा. ‘भाजी ओट्यावर झाकली’ नुसत्या गळ्यानं, जरा सावकाश. रे वर थांबा. खोलीतला पंखा ऐकू येईल एवढा वेळ थांबा. मग त्या ‘ली’ला सा वर उतरवा, आणि त्याच क्षणी जीवर अंगठा एकदाच, जाड तारेकडून बारीक तारेकडे, हळू फिरवा.